नदीच्या एका किलोमीटरची नोंदवही कशी ठेवावी

नदीसाठी काहीतरी करावे असे ज्यांना मनापासून वाटते त्यांची सुरुवात बहुधा स्वच्छता मोहिमेने किंवा वृक्षारोपणाने होते. दोन्ही कामे चांगली आहेत. परंतु त्या काठावर मुळात काय आहे हे न पाहता ती केली, तर प्लॅस्टिकबरोबर लव्हाळे उपटले जाते आणि टिटवीची अंडी असलेल्या खडीवर गुलमोहराचे खड्डे घेतले जातात. म्हणून आधी नोंद आणि मग काम, असा क्रम या मार्गदर्शिकेत धरला आहे. एक-दोन माणसांना किंवा शाळेच्या एखाद्या गटाला वर्षभर सांभाळता येईल एवढीच ही पद्धत आहे. उदाहरणे मुख्यतः भीमेच्या वरच्या खोऱ्यातील, म्हणजे मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांची घेतली आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर जेथे या नद्या उगम पावतात तेथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला पुण्यात तो जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे एकाच खोऱ्यात डोंगरी ओढा, धरणाचा फुगवटा, शहरातले काळे पाणी आणि पठारावरची संथ नदी अशी सगळी रूपे पाहायला मिळतात. कोकणात किंवा विदर्भात झाडे आणि पक्षी बदलतील, पद्धत बदलणार नाही.

टप्पा निवडणे

पात्राचा सुमारे एक किलोमीटर लांबीचा टप्पा पुरेसा होतो. त्यात किमान एक डोह, एक खळाळ म्हणजे दगडगोट्यांवरून उथळ पाणी वाहते अशी जागा, आणि बाहेरून येऊन मिळणारा एखादा ओढा किंवा नाला असावा. डोहातले जीव खळाळात राहत नाहीत आणि खळाळातले डोहात राहत नाहीत, म्हणून केवळ एकच प्रकार असलेला टप्पा निवडला की अर्धी नदी नोंदीबाहेर राहते. शक्य असल्यास गावाच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक असे दोन टप्पे घ्यावेत, कारण गाव नदीत काय सोडते हे दोन वह्यांच्या तुलनेतूनच दिसते. टप्पा घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात असावा. दूरची, सुंदर जागा निवडणाऱ्यांच्या वह्या सहसा पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत.

काठालगतची मळईची जमीन बहुतेक वेळा कोणाच्या तरी मालकीची किंवा कसणुकीची असते. तिच्यातून जाण्यापूर्वी त्या शेतकऱ्याला भेटून परवानगी घ्यावी. वर धरण असेल तर विसर्ग केव्हा आणि कसा सोडला जातो याची माहिती पाटबंधारे खात्याच्या स्थानिक कार्यालयातून मिळवावी आणि भोंगा वाजला की पात्र सोडावे. पाऊस नसतानाही धरणाखालच्या नदीला अचानक पाणी येते. एकट्याने पात्रात उतरू नये आणि पुराच्या दिवसांत तर काठावरूनच नोंदी घ्याव्यात.

पाणलोटाचा नकाशा

टप्पा एक किलोमीटरचा असला तरी त्यातले पाणी फार मोठ्या प्रदेशावरून आलेले असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ५०,०००ला १ या प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मिळतात. त्यावर आपल्या टप्प्याचे खालचे टोक ठळक करावे आणि तेथून दोन्ही बाजूंना वरच्या दिशेने जलविभाजक रेषा, म्हणजे पावसाचे पाणी जेथून दोन बाजूंना वाटले जाते त्या माथ्यांची रेषा, काढत जावे. समोच्च रेषांचे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, टोक डोंगराच्या चढाकडे वळलेले दिसले तर तेथे ओढा असतो आणि उताराकडे वळलेले दिसले तर तेथे डोंगराची सोंड असते. आपली रेषा सोंडेसोंडेने चढत गेली पाहिजे आणि तिने कोणताही ओढा ओलांडता कामा नये. दोन्ही बाजूंच्या रेषा उगमाशी जुळल्या की आत जे क्षेत्र सापडते तो आपल्या टप्प्याचा पाणलोट होय. त्यात जंगल, गायरान, शेती, नवे प्लॉट, खाणी, बंधारे आणि धरणे निरनिराळ्या रंगांनी भरावीत.

यानंतर निदान एक ओढा उगमापर्यंत पायी चालावा. पुण्याजवळ हे शिकण्यासाठी रामनदी उत्तम आहे. भूकूमच्या बाजूच्या टेकड्यांत उगम पावून बावधन, पाषाण या भागांतून ती मुळेला मिळते. एवढ्या लहान अंतरात टेकडीवरचे गवत, शेतातील बांध, तलाव, सोसायट्यांच्या संरक्षक भिंती आणि सांडपाण्याची तोंडे असे सर्व काही ओळीने भेटते. चालताना ओढ्याचे पात्र कोठे अरुंद केले आहे, कोठे ते पाइपात घातले आहे आणि बारमाही पाझर कोठे आहे, या तीन गोष्टी नकाशावर अवश्य उतरवाव्यात. पाझर सहज नजरेतून सुटतात; भर उन्हाळ्यात एखाद्याच जागी हिरवे गवत, उंबराचे झाड आणि खेकड्यांची बिळे दिसली तर तेथे थांबून पाहावे.

उन्हाळा: सर्वांत महत्त्वाची नोंद

महिन्यातून एक फेरी हा आदर्श आहे. तेवढे जमले नाही तर वर्षातून चार फेऱ्या कराव्यात, पण त्यांपैकी एक फेरी एप्रिल-मेमधली असलीच पाहिजे. पावसाळ्यातली दुथडी भरून वाहणारी नदी पाहून तिच्या प्रकृतीविषयी फारसे कळत नाही. धार तुटते, उरलेले पाणी डोहांत साठून राहते, तेव्हा मासे, शिंपले, कासवे, खेकडे हे सगळे त्या काही डोहांत एकवटतात आणि पुढच्या पावसात सगळी नदी त्यांच्यापासूनच पुन्हा भरते. एक डोह आटला किंवा उपसला गेला तर त्या वर्षीचे त्या टप्प्याचे बियाणेच गेले असे समजावे. गावोगावी देवाच्या नावाने डोह राखण्याची प्रथा आहे ती याच कारणाने मोलाची ठरते. महाड तालुक्यात वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचे मासे कोणी धरत नाही आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातले मासे मंदिराच्या आधाराने वाचले आहेत. आपल्या टप्प्यात असा राखीव डोह पूर्वी होता का, हे जुन्या माणसांना आवर्जून विचारावे.

प्रत्येक डोहाला स्थानिक नाव असते. तेच वहीत लिहावे. डोहाची लांबी, रुंदी आणि दोरीला दगड बांधून तीन-चार ठिकाणी मोजलेली खोली नोंदवावी. काठावर सावली किती आहे, पाणी उपसणाऱ्या मोटारी किती लागल्या आहेत, पाण्याचा रंग व वास कसा आहे आणि गुरे कोठे उतरतात हेही लिहावे. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे छोटे संच बाजारात मिळतात. मोजणी सूर्योदयाच्या सुमारास करावी, कारण रात्रभर वनस्पती आणि शेवाळ प्राणवायू वापरत राहतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारी मोजलेला आकडा फसवा निघतो. २५ अंश सेल्सियसला स्वच्छ पाण्यात प्रतिलिटर साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानास योग्य पाण्यासाठी तो ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा आणि जैविक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असे ठरवलेले आहे. बीओडीची तपासणी घरी होत नाही. तिच्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

याच दिवसांत उघड्या पडलेल्या खडीवर आणि वाळूच्या बेटांवर टिटवी, कंठेरी चिखल्या आणि मोठ्या नद्यांवर नदी सुरय अंडी घालतात. अंडी दगडगोट्यांच्या रंगाचीच असतात, त्यामुळे ती दिसण्यापूर्वी पायाखाली येण्याचा धोका असतो. टिटवी ओरडत डोक्यावर झेपावू लागली की आल्या वाटेने मागे फिरावे आणि दुर्बिणीतून पाहावे. भर उन्हात पक्षी अंड्यांवरून उठला तर थोड्या वेळातच अंडी भाजतात, म्हणून छायाचित्रासाठी तेथे रेंगाळणे क्षम्य नाही.

पाण्याची धार मोजणे

ही मोजणी पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरपासून दर महिन्याला एकाच जागी करावी. दहा मीटर लांबीचा सरळ, एकसारखा भाग निवडून तेथील रुंदी मोजावी आणि चार-पाच ठिकाणी खोली मोजून तिची सरासरी काढावी. मग लिंबू पाण्यात सोडून त्याला दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते पाहावे आणि हे तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी. पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जाते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे. समजा रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर आणि वेळ २५ सेकंद आली, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर, सुधारित वेग ०.३४ मीटर आणि प्रवाह सेकंदाला सुमारे ०.६ घनमीटर, म्हणजे जवळपास ६०० लिटर होतो. पद्धत ढोबळ आहे, पण एकाच जागी वर्षानुवर्षे केली की धार कोणत्या महिन्यात तुटते आणि ती दरवर्षी आधी तुटू लागली आहे का, हे तिच्यातून निश्चित कळते.

दगड उलटून पाहणे

पाण्याची रासायनिक तपासणी त्या क्षणाचे पाणी सांगते. दगडाखालचे किडे गेल्या काही महिन्यांचे पाणी सांगतात. रात्री कोणी गुपचूप टँकर ओतून गेला तर सकाळपर्यंत तो वाहून जातो, परंतु त्याने मारलेले किडे पुढचे अनेक दिवस गैरहजर राहतात. म्हणून वहीतला हा भाग सर्वांत काळजीने भरावा.

हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर, खळाळातला नारळाएवढा दगड निवडावा. त्याच्या खालच्या अंगाला बारीक जाळी किंवा पिठाची चाळणी धरावी आणि दगड अलगद उचलून पांढऱ्या ताटात पाण्यासह ठेवावा. पहिला अर्धा मिनिट काहीच दिसत नाही. मग दगडाच्या पोटाशी चिकटलेली एखादी चपटी, राखी आकृती सरकते: सहा पाय, मागे बहुधा तीन लांब शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही कडांना सतत थरथरणारी पानांसारखी कल्ल्यांची झालर. ही मेफ्लायची अळी होय. शेपट्या दोनच असतील आणि पोटाच्या कडांना कल्ले नसतील तर ती स्टोनफ्लाय असण्याची शक्यता असते. तिला थंड, भरपूर प्राणवायूचे पाणी लागते, त्यामुळे ती घाटातल्या ओढ्यांबाहेर क्वचितच भेटते. दगडावर वाळूच्या कणांची किंवा काटक्यांची चिकटवलेली छोटी नळी दिसली तर ती कॅडिसफ्लायच्या अळीचे घर असते. थोडा धीर धरला तर ती डोके बाहेर काढून नळीसकट चालू लागते.

असे दोन-तीन प्रकारचे किडे मिळाले तर पाणी चांगले आहे असे लिहायला हरकत नाही. त्यांच्याऐवजी चिखलात फक्त लालभडक, दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या तर तेथे प्राणवायू फार कमी आहे. त्या एका जातीच्या चिलटांच्या अळ्या असतात आणि त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या अशा पाण्यातही तग धरतात. पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठेच्या काठावर शेकाट्यांचे मोठे थवे दिसतात, तेही बऱ्याच अंशी याच खाद्यावर. गुलाबी पायांचा हा देखणा पक्षी शेकड्यांनी जमला म्हणून नदी सुधारली असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक आहे. पाहणी झाली की दगड पुन्हा त्याच जागी, त्याच अंगावर ठेवावा.

काठावरच्या लव्हाळ्यांवर सकाळी चतुर आणि टाचणी या त्याच्या सडपातळ भाईबंदाच्या काती, म्हणजे पाण्यात वाढलेल्या अळीने बाहेर येऊन टाकलेली कातडी, चिकटलेल्या दिसतात. उडणारा चतुर कोठूनही आलेला असू शकतो, पण कात मिळाली तर तो त्याच पाण्यात वाढला हे सिद्ध होते. म्हणून काती गोळा करून तारखेसह कागदी पाकिटात ठेवाव्यात.

काठाची झाडे, पक्षी आणि खुणा

दोन्ही काठांवर दर शंभर मीटरला थांबून पाण्यापासून वरपर्यंत काय वाढले आहे ते लिहावे. पाण्यालगत लव्हाळे आणि पाणकणीस, त्यामागे वाळुंज, आणि वर करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन असा क्रम भीमेच्या खोऱ्यात अजूनही तुकड्यातुकड्यांनी दिसतो. वाळुंजाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ओल्या मातीत त्याची मुळे काठ घट्ट धरून ठेवतात आणि काठाला दगडी किंवा सिमेंटची भिंत बांधली की सर्वांत आधी हेच झाड जाते. बेशरम, जलपर्णी, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ ही बाहेरून आलेली मंडळी किती लांबीवर पसरली आहेत तेही मोजावे.

मातीच्या उभ्या दरडी अनेकांना काठाची झीज वाटतात. मात्र कवड्या खंड्या, वेडा राघू आणि पाकोळ्या अशा दरडींतच बोगद्यासारखी बिळे करून पिल्ले वाढवतात. बिळांच्या तोंडाशी ताजी माती किंवा विष्ठेचा पांढरा ओघळ असेल तर घरटे चालू आहे असे समजावे आणि त्या दरडीचे ठिकाण नकाशावर नोंदवावे. हिवाळ्याच्या फेरीत तुतवार, करडा धोबी यांसारखे पाहुणे मोजावेत. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्ड या आणि इतर छायाचित्रे आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवली तर वही हरवली तरी नोंद राहते.

ऊद, म्हणजे पाणमांजर, प्रत्यक्ष दिसणे दुर्मीळ असते, त्याच्या खुणा मात्र सापडतात. पात्रातल्या उंच खडकावर किंवा संगमाजवळच्या वाळूवर माशांचे खवले आणि काटे भरलेली, उग्र मासळी वासाची विष्ठा एकाच जागी पुन्हा पुन्हा दिसली तर ते उदाचे ठिकाण असते. अशी जागा, तसेच मगरीचे घरटे किंवा कासवाची अंडी यांची नेमकी स्थळे समाजमाध्यमांवर कधीही टाकू नयेत. ती वनखात्याला कळवावीत. मगरीची मादी उन्हाळ्यात अंडी राखत असते, तेव्हा कृष्णा, सावित्री किंवा वाशिष्ठीसारख्या मगरींच्या नद्यांवर काठाशी वाकून बसण्याचा किंवा कंबरभर पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये.

माशांसाठी स्वतः जाळे टाकू नये. भोई आणि कोळी बांधवांच्या टोपलीत काय आले हे त्यांच्या परवानगीने पाहावे, त्यांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी लिहावीत आणि पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. वाम, मरळ, शिंगाडा, मुऱ्या हे इथले मासे किती आणि चिलापी, कटला हे बाहेरून आणलेले किती याचे प्रमाण दर हंगामाला पाहावे. साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली ज्या महसीर जातीचे शास्त्रीय वर्णन केले ती त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाली होती. आज त्या भागात जाळ्यात येते ती मुख्यतः चिलापी, आणि तरुण मासेमाराला ती नेहमीचीच वाटते. म्हणूनच सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडून कोणता मासा शेवटचा कधी पाहिला, कोणत्या डोहाचा तळ दिसत असे आणि धुणे कोठे धुतले जाई हे विचारून घेणे हा नोंदवहीचा अनिवार्य भाग आहे.

मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून वर सरकतात. बंधाऱ्याच्या पायथ्याशी ते अडून उड्या मारताना दिसले तर त्या बंधाऱ्याची उंची आणि तारीख लिहावी. हे मासे अंडी घालायला निघालेले असतात, तेव्हा त्यांना काठ्यांनी झोडपण्याची जी हौस अनेक गावांत आहे ती थांबवण्याइतके स्वस्त संवर्धन दुसरे नाही.

नोंदीचा उपयोग

जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ही वही शेजारच्या गावाची नक्कल असते. वर्ष पूर्ण झाल्यावर आपल्या नोंदी ग्रामपंचायत अधिकाऱ्यामार्फत (पूर्वीचे ग्रामसेवक) समितीपुढे मांडाव्यात, त्या कार्यवृत्तात घ्यायला लावाव्यात आणि पोच घ्यावी.

नोंदीची खरी गरज भासते ती खोलीकरण-रुंदीकरणाचे काम निघते तेव्हा. गाळ काढणे तलावात योग्य असते. नदीच्या पात्रात मात्र जेसीबीने एकसारखा चर खणला की डोह, खळाळ, खडीचे बेट आणि दरड ही चारही घरे एका दिवसात सपाट होतात. अशा वेळी “निसर्गाची हानी होईल” या वाक्याला कोणी दाद देत नाही. तीन उन्हाळ्यांच्या खोलीच्या आकड्यांसह अमुक डोह वगळा, अमुक दरड मेअखेरपर्यंत सोडा, अशी नेमकी मागणी केली तर अभियंत्यालाही आराखडा बदलणे सोपे जाते. बांधकाम किंवा भराव होत असेल तर पूररेषा पाहावी. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, या दोन रेषा जेथे आखल्या आहेत तेथे त्यांचे नकाशे जलसंपदा विभागाकडे असतात.

स्वतः करण्याजोगी कामे थोडी आहेत. जलपर्णी पावसाळ्यापूर्वी, ती कमी असतानाच, हाताने काढावी आणि काठापासून दूर कुजवावी. रोपे लावायचीच असतील तर वाळुंजाच्या फांद्या पाण्यालगत आणि करंज, उंबर, जांभूळ पूररेषेच्या आत वरच्या भागात लावावेत. खडीचे बेट, दरड आणि गवताळ उतार मोकळे सोडावेत. मत्स्यपेटीतले मासे, गप्पी, मांगूर किंवा चिलापी पुण्य म्हणून नदीत सोडू नयेत. आणि दुसऱ्या वर्षीची पहिली फेरी पहिल्या वर्षीच्याच तारखेला, त्याच टोकापासून सुरू करावी, नाहीतर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.